बेस कॅम्पला जाताय? आधी वजनकाटा काढा

एव्हरेस्ट बेस कॅम्पचं बुकिंग झालं की आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येक नवीन माणसाचा पहिला फोन ठरलेला असतो, ताई जॅकेट कुठलं घेऊ? जॅकेटचं सांगते, सगळंच सांगते, पण त्याआधी घरातला वजनकाटा काढून हॉलमध्ये ठेवा, बॅग लटकवून मोजायचा हूकवाला काटा असेल तर उत्तमच. ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाच्या छोट्या विमानात माणशी साधारण १५ किलो सामान चालतं, १० किलोची मोठी बॅग आणि ५ किलोची हातातली. त्यावर गेलं की किलोमागे पैसे, आणि विमान भरलेलं असेल तर सामान पुढच्या फेरीने येणार, ती फेरी कधी होईल ते ढगांच्या हातात. सीझनमध्ये ही विमानं बहुतेक वेळा काठमांडूहून न सुटता रामेछापहून सुटतात, म्हणजे मध्यरात्री उठायचं, चार-पाच तास गाडीत बसायचं आणि पहाटे अंधारात काट्यासमोर लाइन लावायची. तिथे बॅग उघडून हे काढू का ते काढू करत बसण्यापेक्षा तेच काम घरी चहा घेत करा.

वजनाचं दुसरं कारण पोर्टर. दोन ट्रेकरमागे एक पोर्टर असतो, म्हणजे तुमची बॅग, जोडीदाराची बॅग आणि वर त्याचं स्वतःचं सामान, आणि हे सगळं कपाळावरच्या पट्ट्याच्या आधाराने घेऊन तो आपल्या आधी मुक्कामाला पोचलेला असतो. आपण "असू दे, लागलं तर" म्हणून भरलेली प्रत्येक गोष्ट त्याच्या मानेवर जाते. म्हणून आमच्याकडे नियम आहे, मोठी बॅग १० किलोच्या आत, दोघांची मिळून २० किलो, बस. आणि ती बॅग डफल हवी, मऊ. चाकाची सुटकेस तिथे कुणालाच उचलता येत नाही.

आता खरी गोष्ट. आपण सह्याद्रीत वाढलेली माणसं आहोत आणि आपल्याला भिजायची सवय आहे, किंबहुना आवडतं. पावसाळ्यात राजमाचीला चिंब होऊन जातो, सुती टी-शर्ट अंगावरच वाळतो, नाही वाळला तरी रात्री घरी. बेस कॅम्पला १२ दिवस चालायचंय आणि नामचे गावाच्या वर, म्हणजे ३,४४० मीटरच्या पुढे, ओला झालेला कपडा जवळजवळ वाळतच नाही, दुपारी चार वाजता सूर्य डोंगरामागे गेला की दोरीवरचे मोजे कडक होऊन जातात. त्यामुळे मी बॅग भरताना प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारते, ही ओली झाली तर काय. थंडीचं तेवढं घाबरू नका, कोरड्या माणसाला थंडी झेपते.

मला हे कळलं ते नामचेच्या चढणीवर. हिलरी पूल ओलांडला की दोन-तीन तासांची सलग चढण आहे, सुमारे ६०० मीटर, आणि ऑक्टोबरच्या उन्हात तिथे घाम अक्षरशः निथळतो. मी आत सुती टी-शर्ट आणि वर जाड जॅकेट घालून चढले, काढायचा कंटाळा केला. वर पोचले आणि वारा सुटला, पाठ ओलीगार, पाच मिनिटांत दातावर दात वाजायला लागले आणि मग रात्रभर अंगात कणकण. दुसऱ्या दिवशी विश्रांतीचा मुक्काम होता म्हणून निभावलं, आणखी वर, डिंगबोचेला असं झालं असतं तर मला खाली यावं लागलं असतं. सुती कापड पाणी पितं आणि धरून ठेवतं, आणि ओलं कापड अंगातली उष्णता ओढून घेतं. त्यामुळे सुती टी-शर्ट, सुती बनियन, सुती कुर्ता आणि जीन्स यातलं काहीही चालायच्या कपड्यांत नको. बायकांनी आतले कपडेसुद्धा सिंथेटिकच घ्यावेत, स्पोर्ट्स ब्रा सुती असेल तर घामाची खरी ओल तिथेच राहते, आणि हे कुणी सांगत नाही.

तर कपडे थराथराने. अंगाला लागून जो थर असतो त्याचं काम ऊब द्यायचं कमी आणि घाम बाहेर काढायचं जास्त. लुक्ला ते नामचे दिवसा साधा पॉलिस्टरचा फुल बाह्यांचा टी-शर्ट पुरतो, फुल बाह्या यासाठी की ऊन भाजून काढतं. असे तीन घ्या, तीनच, बारा दिवसांत फिरवून फिरवून वापरायचे, तिथे कुणी कुणाच्या कपड्यांकडे बघत नाही. डिंगबोचेच्या वर आत थर्मल लागतं, त्याचे दोन जोड. मेरिनो लोकरीचं परवडत असेल तर एक तरी घ्या, चार दिवस घातलं तरी वास येत नाही आणि दमट असलं तरी ऊब सोडत नाही, पण महाग असतं आणि साध्या सिंथेटिक थर्मलवरही असंख्य लोक आरामात जाऊन येतात.

दुसरा थर फ्लीस. आपल्याकडे मिळणारं साधं पातळ फ्लीस चालतं, त्याला पुढे पूर्ण चेन असावी, कारण चालताना सारखं उघडझाप करायला लागतं. डोक्यातून घालायचं असेल तर सॅक काढा, टोपी काढा, मग नकोच म्हणून माणूस घामात चालत राहतो.

तिसरं ते जॅकेट, ज्याच्यासाठी फोन येतो. डाऊन जॅकेट म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवरच्या मऊ पिसांचं. खरेदी करताना चिमटीत दाबून बघा, काटे टोचले तर आत जाड पिसं भरलीयेत, ढगासारखं दबलं आणि पुन्हा फुललं तर माल चांगला. टोपीवालं घ्या, वजन ५००-६०० ग्रॅमच्या आसपास. आणि नीट लक्षात ठेवा, हे जॅकेट चालताना घालायचं नाहीच. ते थांबल्यावर घालायचं, टी हाउसच्या, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामाच्या लॉजच्या, डायनिंग हॉलमध्ये, पहाटे, जेवताना, फोटोला थांबलात तेव्हा. डाऊन ओलं झालं की त्याचा गोळा होतो आणि ऊब संपते, तुमच्या घामानेही ते ओलं होतं. बेस कॅम्पजवळच्या काला पत्थर टेकडीवर पहाटे तेवढं मी घालून चढले, तेव्हा वाऱ्यासकट उणे १५-२० असू शकतं, बाकी कधी नाही. बारा-चौदा हजारांचं नवीन घेण्याची गरज नाही, भाड्याने मिळतं, पुण्या-मुंबईतही मिळतं आणि काठमांडूच्या थमेलमध्ये तर दुकानंच दुकानं आहेत.

चौथा थर वारा आणि पाऊस अडवणारं जॅकेट, आतून कसलंही अस्तर नसलेलं, फ्लीस आणि डाऊन दोन्हीवर बसेल असं ढगळ. आपला गाडीवर घालायचा रबरी रेनकोट नको, तो बाहेरचं पाणी अडवतो पण आतला घाम आतच ठेवतो, म्हणजे पुन्हा तेच. काखेत चेन असलेलं मिळालं तर सोनं. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग येतात, कधी बर्फ भुरभुरतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा स्वच्छ पण थंडी जास्त, दोन्ही सीझनमध्ये हे लागतंच.

खाली पायात चालायच्या पटकन वाळणाऱ्या दोन पँट, एक पावसाची वरून चढवायची पँट, आणि थर्मल खालून. बास. लोक वर पाच थर घालतात आणि मग खाली तीन पँट भरतात, चालणाऱ्या पायांना एवढी थंडी लागत नाही.

आणि एक जोड असा ठेवायचा की ज्याला रस्ता दाखवायचाच नाही. एक थर्मल वरचं-खालचं, एक जाड लोकरी मोजा, एक कानटोपी, हे सगळं एका चांगल्या प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. मुक्कामाला पोचलं की पहिलं काम, चहाच्या आधी, घामाचे कपडे काढायचे आणि हा जोड घालायचा, सकाळी काढून परत पिशवीत. कितीही थंडी वाजली तरी हा घालून चालायला निघायचं नाही. हा जोड असेल तर दिवसभर कितीही वाट लागू दे, रात्र कोरडी जाते. मला विचाराल तर अख्ख्या बॅगेतली सगळ्यात महत्त्वाची पिशवी हीच.

पायांबद्दल जरा जास्त बोलते कारण ट्रेक तिथेच होतो नाहीतर मोडतो. शूज घोट्याच्या वरपर्यंत येणारे, वॉटरप्रूफ, आणि रोजच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे. दुकानात संध्याकाळी जा कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, जाड मोजे घालून ट्राय करा, आणि उतारावर असल्यासारखं बोटं पुढे ढकलून बघा, अंगठा पुढे टेकला तर ते शूज नकोत. चढताना सगळे शूज चांगले वाटतात, परतीला गोरक्षेपपासून, म्हणजे बेस कॅम्पआधीच्या शेवटच्या मुक्कामापासून, लुक्लापर्यंत तीन-साडेतीन दिवस उतरायचं असतं तेव्हा नखं काळीनिळी होतात. निघायच्या आदल्या दिवशी नखं कापू नका, तीन-चार दिवस आधी कापा.

नवीन शूज किमान महिना-दीड महिना वापरून मगच न्यायचे. कळसूबाईला जा, हरिश्चंद्रगडाला जा, पुण्यात असाल तर दर रविवारी सिंहगड, पाठीवर सहा किलोची सॅक घेऊन. पण याच्या उलटही एक चूक होते, ती म्हणजे आठ-दहा वर्षं माळ्यावर पडलेले "एकदम नवीनच आहेत" असे शूज. सोलमधला फोम हवेतल्या दमटपणाने आतल्या आत कुजतो, आपल्या मुंबई-कोकणच्या हवेत तर फारच, आणि दिसायला शूज ठणठणीत असतात. आमच्यातल्या एका काकांचे असेच, चांगले महागाचे, दोनदाच वापरलेले. टेंगबोचेच्या उतारावर आधी एक सोल जबड्यासारखा उघडला आणि तासाभरात दुसरा. नायलॉनच्या दोरीने बांधून ते कसेबसे नामचेपर्यंत आले आणि तिथे मिळेल त्या मापाचे घेतले. वय ६१, त्या दोन तासांत त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला अजून आठवतं. म्हणून जुने शूज असतील तर सोल अंगठ्याने जोरात दाबा, वाकवा, आणि एखादा खडतर ट्रेक करून बघा.

मोजे चालायला तीन जोड लोकरीचे किंवा लोकर-नायलॉन मिक्स, झोपायचा जाड जोड वेगळा. दोन जाड मोजे एकावर एक चढवू नका, शूज घट्ट होतात, रक्त फिरत नाही आणि पाय उलटे जास्त गार पडतात. फोड येईल असं वाटलं, नुसतं चुरचुरलं तरी, तिथल्या तिथे थांबून टेप लावायची, पुढच्या मुक्कामाला बघू म्हणायचं नाही. मुक्कामासाठी एक हलकी चप्पल, मोज्यावर घालता येईल अशी, रात्री संडासला जाताना तिथली फरशी गोठलेली असते, पट्ट्यावाली क्रॉक्ससारखी बरी.

हातमोजे दोन प्रकारचे, एक पातळ ज्यात फोन चालतो, चेन लावता येते, आणि एक जाड वॉटरप्रूफ जे त्यावर बसेल. कानटोपी एक, उन्हाची काठाची टोपी एक, आणि बफ दोन. बफ म्हणजे गळ्यात घालायचा तो नळीसारखा फडका, तो तिथे नाकातोंडावर लागतोच लागतो. वाटेवर याक आणि झोपक्यो (याक-गाईची संकरित जनावरं) यांच्या खुरांची धूळ आणि वर कोरडी गार हवा, यातून जो कोरडा खोकला सुरू होतो त्याला या खुंबू भागाच्या नावाने खुंबू खोकलाच म्हणतात, बरगड्या दुखेपर्यंत होतो. पहिल्या दिवसापासून बफ वर ठेवा, त्रास झाल्यावर नव्हे.

गॉगलवर पैसे वाचवू नका. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा-बारा टक्क्यांनी वाढतात आणि बर्फावरून ती परत खालूनही येतात. रस्त्यावरचा नुसत्या काळ्या काचेचा गॉगल डोळ्यांना जास्त धोकादायक, कारण काळोखात बाहुली मोठी होते आणि किरणं आत जातातच. काचेवर यूव्ही ४०० लिहिलेलं बघा, कॅटेगरी ३ किंवा ४, बाजूने झाकलेला. चष्मा असेल तर नंबरचा करून घ्या नाहीतर चष्म्यावर बसणारा. सनस्क्रीन एसपीएफ ५०, नाकाच्या खालच्या बाजूलाही लावायचं, आणि ओठांना एसपीएफवाला लिप बाम. खोबरेल तेल मात्र घरीच ठेवा, २४ डिग्रीच्या खाली ते थिजतं, वर बाटलीत नुसता दगड होतो, त्याऐवजी व्हॅसलिनची छोटी डबी.

स्लीपिंग बॅग. टी हाउसमध्ये खोलीत खाट, गादी, रजई मिळते पण खोल्यांना हीटर नसतो, डायनिंग हॉलच्या मधोमध एकच शेगडी असते, वरच्या गावांत त्यात याकचं शेण जळतं, आणि रात्री आठ-नऊला तीही विझते. गोरक्षेपला खोलीतल्या बाटलीतलं पाणी सकाळी गोठलेलं होतं. बॅगवर दोन-तीन आकडे लिहिलेले असतात त्यातला कम्फर्टचा आकडा बघा, एक्स्ट्रीमचा नाही, एक्स्ट्रीम म्हणजे जेमतेम जीव वाचेल एवढंच. कम्फर्ट उणे १० ची घेतली आणि वर रजई टाकली की चांगली झोप लागते. भाड्याची असेल तर आत घालायचं पातळ लायनर स्वतःचं न्या, स्वच्छता राहते आणि थोडी ऊबही वाढते. झोपताना चांगल्या झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून मोज्यात घालून पायाशी ठेवा, सकाळी तेच प्यायला. शिवाय फोन, पॉवर बँक, हेडटॉर्चच्या बॅटऱ्या आणि पाण्याचा फिल्टर असेल तर तोही रात्री स्लीपिंग बॅगेत आपल्याजवळ, थंडीत बॅटरी पटकन उतरते आणि फिल्टर गोठला की बाद होतो.

पाण्यासाठी एक-एक लिटरच्या दोन बाटल्या. पाइपवाली पाण्याची पिशवी खाली छान वाटते, पण काला पत्थरच्या पहाटे पाइप गोठतो आणि नेमकं हवं तेव्हा पाणी नाही. पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या घ्या, प्लास्टिकच्या बाटल्या विकत घेत राहू नका, तो कचरा त्या डोंगरातून खाली आणणं फार अवघड आहे.

पाठीवरची सॅक ३० लिटरच्या आसपास, पावसाच्या कव्हरसकट. यात काय असावं तर पोर्टर रात्री उशिरा आला, किंवा आलाच नाही, तरी एक रात्र काढता येईल एवढं: डाऊन, पावसाचं जॅकेट, जाड हातमोजे, कानटोपी, हेडटॉर्च, औषधं, कागदपत्रं, पैसे, थोडा खाऊ, पाणी. बाहेर काहीही लटकवू नका, ना मग, ना चप्पल, ना ओला टॉवेल. झुलत्या पुलांवर आणि अरुंद वाटेवर ओझ्याची जनावरं घासून जातात आणि लटकलेलं काही त्यांच्या शिंगात, दोरात अडकलं तर तुम्ही ओढले जाता. जनावरं आली की नेहमी डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही.

औषधांत स्वतःच्या रोजच्या गोळ्या पहिल्या. बीपी, थायरॉइड, जे असेल ते, १५ दिवस लागणार असतील तर २० दिवसांच्या घ्या कारण लुक्लाची विमानं हवेमुळे दोन-दोन दिवस रद्द होतात, आणि अर्ध्या सॅकमध्ये अर्ध्या डफलमध्ये ठेवा. डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल, तुमच्या डॉक्टरांशी बोला, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर नक्की सांगा, माझ्या सांगण्यावरून किंवा कुणाच्या व्हॉट्सॲपवरून घेऊ नका. त्या गोळीने लघवी जास्त होते, रात्री दोनदा उठावं लागतं, म्हणून उशाशी हेडटॉर्च, चप्पल आणि जॅकेट हाताला येईल असं ठेवायचं. बाकी पॅरासिटामॉल, जुलाबाची गोळी, ओआरएस भरपूर, घशाच्या गोळ्या, बँडेज, टेप, बेटाडिन. झोपेच्या गोळ्या नकोत, दारू तर वर जाताना नकोच. आणि डोकं दुखतंय, उलटी होतेय, चालताना तोल जातोय तर बॅगेतलं कुठलंही औषध खाली उतरण्याला पर्याय नाही. बेस कॅम्पला, ५,३६४ मीटरवर, श्वासाला मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो. फेरीचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं क्लिनिक सीझनमध्ये चालू असतं, लाजायचं नाही, जाऊन दाखवायचं.

मैत्रिणींनो, पाळीची तारीख नसली तरी सामान न्याच, उंचीवर, दगदगीत तारीख मागेपुढे होते. वापरलेल्यासाठी घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या आणि एक अपारदर्शक पाउच, टी हाउसच्या संडासात टाकायचं नाही. कप वापरायचा असेल तर तिथे पहिल्यांदा नको, घरी दोन-तीन महिने सवय करून. उभ्याने लघवी करायचं ते छोटं फनेलही घरी बाथरूममध्ये वापरून बघून न्या, वर झाडोरा नाही, आडोसा नाही, त्याचा फार आधार वाटतो.

खाऊवर मला भांडायला आवडतं. लोक चार-पाच किलो फरसाण भरतात. वर डाळभात मिळतो, बटाटे मिळतात, नूडल्स मिळतात, उपाशी कुणी राहत नाही. पण ४,००० मीटरच्या वर भूक मरते, गोड बघवत नाही, आणि तेव्हा न जेवणं महागात पडतं. म्हणून चव न्यायची, पोट भरायचं सामान नाही. मेतकूट पाव किलो, गरम भातावर थोडं तुपाबरोबर घातलं की जो माणूस दोन दिवस जेवला नव्हता तो बशी पुसून खातो, हे मी लोबुचेला डोळ्यांनी बघितलंय. लिंबाचं सुकं लोणचं, आमसुलं, आवळासुपारी, लसणाची कोरडी चटणी. चालताना खायला चिक्की, खजूर, सुकामेवा. सगळं मिळून एक-सव्वा किलो. तेलकट लोणचं नको, उंचीवर हवेचा दाब कमी झाला की बंद पाकिटं फुग्यासारखी फुगतात, बरणी गळते आणि मग बॅगभर तेल. सनस्क्रीनची ट्यूबसुद्धा वर पहिल्यांदा उघडताना तोंडाजवळ धरू नका.

कागदपत्रं पटकन. पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र, मूळ प्रत, विमानाने नेपाळला जाताना आधार कार्डावर विसंबू नका. पासपोर्ट साइज फोटो चार, हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च आणि तेवढी उंची कव्हर करणाऱ्या विम्याची प्रिंट, नेपाळी रोख पैसे पुरेसे, कारण नामचेच्या वर एटीएमवर भरवसा नाही आणि चार्जिंग, वायफाय, गरम पाण्याची अंघोळ सगळ्याला वेगळे पैसे पडतात आणि जेवढं वर तेवढं महाग. पॉवर बँक २०,००० एमएएचची एक, ती हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही. चालायच्या काठ्या मात्र चेक-इनमध्येच, आणि दोन घ्या, उतरताना गुडघे दुवा देतील.

काय घरी ठेवायचं त्यात जीन्स, मोठा टर्किश टॉवेल, दुसरं जाड जॅकेट, जाडजूड पुस्तकं, शाम्पूच्या बाटल्या, "समिटला फोटोसाठी" म्हणून साडी किंवा फेटा. साडी-फेट्याला माझी ना नाही, मलाही नऊवारीतला फोटो हवा होता, पण मग त्याचं वजन दुसरं काहीतरी काढून भरा, पोर्टरच्या पाठीवर वाढवू नका. ओले टिश्यू न्या, टॉयलेट पेपर दोन रोल, सॅनिटायझर.

थमेलमध्ये काय घ्यायचं तर डफल, टोप्या, बफ, हातमोजे, फ्लीस, हे बिनधास्त. मोठमोठ्या ब्रँडची नावं शिवलेला बराच माल नकली असतो, फ्लीसला त्याने फरक पडत नाही, वॉटरप्रूफ जॅकेटला पडतो, ते दुकानातच बाहीवर पाणी ओतून बघा. शूज तिथे घेऊ नका. शहरात लागणारे कपडे काठमांडूच्या हॉटेलवर ठेवून जाता येतं, बहुतेक सगळे ठेवून घेतात.

भरताना डफलच्या आत आधी एक मोठी जाड कचऱ्याची काळी पिशवी उघडून बसवा, मग त्यात सगळं. वॉटरप्रूफ म्हणून विकलेली डफलसुद्धा शिवणीतून गळते. आत प्रत्येक प्रकार वेगळ्या पिशवीत आणि पिशव्या वेगवेगळ्या रंगाच्या, कारण ४,९०० मीटरवर थंडीत बधीर बोटांनी मोजा शोधायला दम लागतो, खरंच लागतो. माझं मागच्या वेळचं वजन सांगते: स्लीपिंग बॅग दीड किलो, डाऊन सहाशे ग्रॅम, फ्लीस चारशे, पावसाचं चारशे, थर्मल दोन जोड सातशे, पँट सहाशे, टी-शर्ट साडेचारशे, मोजे आणि आतले कपडे पाचशे, चप्पल तीनशे, औषध-साबण-क्रीम आठशे, खाऊ बाराशे, रिकामी डफल एक किलो. साडेआठ किलोच्या आसपास झालं आणि १२ दिवसांत काही कमी पडलं नाही.

भरून झालं की सॅक पाठीवर घेऊन एकदा बिल्डिंगचे जिने चढा-उतरा, काय टोचतंय ते तिथेच कळतं. आणि विमानात बसताना शूज पायात, डाऊन हातात, औषधं आणि कागदपत्रं सॅकमध्ये. बाकी सामान हरवलं तर थमेलमध्ये पुन्हा उभं करता येतं, पायाला सवय झालेले शूज नाही.

परत आल्यावर कितीही दमलात तरी त्याच दिवशी सगळं उघडून पंख्याखाली पसरा, शूजमधले इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरा. डाऊन आणि स्लीपिंग बॅग त्या छोट्या दाबलेल्या पिशवीत महिनोन्महिने कोंबून ठेवू नका, पिसं दबून मरतात. मी आईच्या जुन्या सुती साडीची एक मोठी खोळ शिवून घेतलीय, त्यात दोन्ही सैल भरून कपाटात वर ठेवते आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून हवा देते.